मागच्या स्पीकरजवळची जागा

लातूर, रविवार

प्रिय अक्षरा,

आपल्या घरी होम थिएटर आलं! बातम्या जरा मोठ्यानं लागल्या की ओरडणाऱ्या तुझ्या अप्पांनी स्वतः दुकानात जाऊन पाच स्पीकर आणि एक धडधडणारा डबा आणला. मला म्हणाले, क्रिकेटसाठी घेतलाय. पडले तरी नाक वर! तुझा सिनेमा टीव्हीवर येणार असल्याचं चाकूरच्या आत्यानं कळवलं आणि दुसऱ्याच दिवशी यांना क्रिकेट सुचलं. इंजिनिअरिंग सोडून तू मुंबईला गेलीस तेव्हापासून ते तुझ्याशी बोललेले नाहीत. मी मधे पडून पडून थकले, म्हणून हे स्पीकर पाहून मला आधी खरंच वाटेना.

बसवायला दुकानातला मल्लेश आला. त्यानं दोन स्पीकर सोफ्याच्या मागे, स्वयंपाकघराच्या दाराशी लावायला घेतले, तर अप्पा अडून बसले. आवाज म्होरून यायचा असतो, पाठीमागं कोण बसलंय ऐकायला? मी म्हटलं, आम्ही बसतो की! मल्लेश हसला आणि स्पीकर तिथंच लागले.

काल संध्याकाळी अप्पांनी अख्खी गल्ली बोलावली. कशासाठी ते कुणालाच सांगितलं नाही. पुरुषमंडळी सोफ्यावर, खुर्च्यांवर. आम्ही बायका नेहमीसारख्या मागे, सतरंजीवर. सिनेमातली ती बाई एकटीच वाळल्या शेतातून चालत येते ना, तिची पावलं थेट आमच्या पाठीशी वाजली. शेजारची तनुजा तर दचकून स्वयंपाकघरात कोण आलं ते बघायला वळली! मी तिला सांगितलं, अगं, ही आमची अक्षरा. पडद्यावरचा माणूस चालतो तशी ती मुंबईत एका खोलीत पाचोळ्यावर चालते आणि तो आवाज सिनेमात घालतात. सांगताना माझी मान अशी ताठ झाली म्हणून सांगू!

पुढं सोफ्यावर मात्र ते पाऊल नीट पोचत नव्हतं. माझं बोलणं ऐकून कुणीतरी मोठ्यानं विचारलं, संगमेश्वरअप्पा, तुमची पोरगी कुठं दिसंना? अप्पा उठले. वाटलं, आता टीव्ही बंद करतात. पण ते मागे आले आणि माझ्या शेजारी सतरंजीवर मांडी घालून बसले. हा माणूस सख्ख्या बहिणीच्या साखरपुड्यातही बायकांत बसला नव्हता! तिथूनच पुढच्यांना दरडावलं, "गप बसा जरा. माझी पोरगी चालायलीय." मग शेवटपर्यंत हलले नाहीत. तुझं नाव आलं तेव्हा टीव्हीसमोर असे जाऊन उभे राहिले, की आम्हाला त्यांची पाठच दिसली.

आता लिहायचं कारण. फोनवर सांगावं तर हे सारखे घरातच. पुढच्या आठवड्यात बुधवारी सकाळी अप्पा तुझ्या दारात उभे राहतील. तूरडाळीच्या व्यापाराचं काम निघालं म्हणतील. तू हो म्हण. पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या त्यांच्या जुन्या, टणक झालेल्या चपला असतील. सिनेमातला शेतकरी चालतो झकास, पण त्याची चप्पल आपल्याकडची वाजत नाही, असं त्यांचं म्हणणं. स्वतःहून ते काही बोलायचे नाहीत. तूच त्यांना तुझ्या त्या खोलीत ने आणि चालायला सांग. सकाळपासून हॉलमध्ये सराव चाललाय.

तुझीच, कालपासून गल्लीत मिरवणारी,
आई