सखू माळणीची फिर्याद

मंगळवार, माघ वद्य पंचमी. अकोला.

थकलो. ठाण्यात फिर्यादी लिहिणं हेच आपलं काम, पण आजची काही डोक्यातून जात नाही.

भाजी विकून मोर्णा नदीच्या काठानं घरी जाताना सखू माळणीच्या कानातली बुगडी कोणीतरी ओरबाडून नेली. फाटलेला कान पदरानं दाबून ती समोर बसली होती. मी नेहमीचंच विचारलं. एकटी काऊन गेली? बुगडी काऊन घातली? ओरडली काऊन नाही?

ठाण्याची रीत अशी, की प्रश्न लिहायचे नाहीत, फक्त उत्तरं लिहायची. मग वाचून दाखवलं: ‘मी एकटी होते. अंगावर दागिना होता. मी ओरडले नाही.’

तिनं कान दाबूनच ऐकलं, अंगठा उठवला. जाताना म्हणे, “चुकलं माह्यं, मुन्शीजी.”

ही फिर्याद की कबुलीजबाब? कागद पुन्हा लिहायला हवा होता. पण मला घरी यायची घाई. आणि तो पदर, रक्तानं भिजलेला...

चोर सापडले की आपण त्यांना नाव विचारतो, गाव विचारतो, बापाचं नाव विचारतो. काऊन केलं, हे मी आजवर एकालाही विचारलेलं नाही.