सप्टेंबरचा शेवटचा आठवडा

॥ श्री ॥

मी, सुशीलाबाई लक्ष्मणराव भालकीकर, वय सत्तर, राहणार काचीगुडा, हैदराबाद, व्यवसाय येसर, मेतकूट आणि काळा मसाला करून विकणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, चष्मा लावून, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. याबद्दल शंका एकट्या माझ्या दिरांना, हणमंतरावांना आहे. ती का, ते पुढे येईल. साखरेचा आजार सोडला तर प्रकृतीची तक्रार नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

माझे जे काही आहे ते माझे यजमान कै. लक्ष्मणराव यांनी हयातीतच माझ्या नावे केले, किंवा मी मसाला कुटून मिळवले. लक्ष्मणरावांना घरात सगळे अण्णा म्हणत, म्हणून मीही पुढे अण्णाच लिहिते. मला दोन मुलगे. थोरला दिगंबर माझ्याजवळ राहतो आणि बेगम बाजारातले आमचे मसाल्याचे दुकान चालवतो. धाकटा किशोर पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. दोघेही गुणाचे आहेत आणि दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. घरादाराची वाटणी मी तोंडीही सांगितली असती. लिहायला बसले ते या अबोल्यासाठी.

कलम १. बेगम बाजारातले दुकान, गादी, वजनकाटे आणि नाव यांसह दिगंबरला द्यावे. रोज सकाळी शटर जो उचलतो त्याचे दुकान. किशोरने यावर बोलू नये. त्याला मिरचीच्या खाटाने शिंका येतात.

कलम २. काचीगुड्याचे घर दोघांचे. वरचा मजला दिगंबरचा, खालचा किशोरचा. किशोरने खालचा मजला भाड्याने देऊ नये. त्याची किल्ली थोरल्या सूनबाईंकडे, सुनंदाकडे राहील. ती दर शुक्रवारी झाडून घेईल, कारण मी सांगितले नाही तरी ती घेणारच. धाकट्या सूनबाई सुलभा येतील तेव्हा त्यांनी त्या घरात पाहुणीसारखे बसू नये, हातात झाडू घ्यावा.

कलम ३. मिरची कांडप यंत्र आणि येसराचे माप गंगूला द्यावे. वीस वर्षे तिने माझ्याबरोबर मसाल्याचा खाट सोसला आहे. माप ती हातानेच धरते आणि माझ्यापेक्षा बरे धरते. माझे पितळी पुरणयंत्र मात्र कोणाला देता येत नाही, कारण ते शेजारच्या बाईंनी होळीला नेले ते अजून परत केलेले नाही. ज्याला आणता येईल त्याने ते आणावे आणि ठेवून घ्यावे.

कलम ४. आता मुख्य गोष्ट. मुंबईजवळ एक मोठी मनोरंजननगरी आहे. आकाशपाळणा, पाण्याच्या घसरगुंड्या, सगळे आहे. तिच्याशेजारच्या एका हॉलिडे क्लबात दोन खोल्यांचे बिऱ्हाड दर वर्षी एक आठवडा माझ्या मालकीचे असते. इतर एक्कावन्न आठवडे ते इतरांचे. पुढची बरीच वर्षे हा हक्क चालू आहे आणि तो वारसांना देता येतो. हा आठवडा मी नवा घेतला नाही, वापरलेला घेतला.

त्याचे असे झाले. देशात नवे वारे शिरले तेव्हा आमच्या हैदराबादेत सुट्ट्या विकणारे लोक निघाले. मोठ्या हॉटेलात बोलवायचे, चहा-बिस्किटे द्यायची, भिंतीवर डोंगराची चित्रे दाखवायची आणि सही घ्यायची. आमच्या दुकानाला लागून करीमभाईंची मिरचीची आडत आहे. त्यांनी तिथे सही केली. पुढे त्यांची मुले शारजाला गेली आणि आठवडा पडून राहिला. अण्णांना जाऊन दोन वर्षे झाली होती. करीमभाई म्हणाले, "अम्मा, तुम लेलो. पोट्टेपाट्टे खेलते, तुम हवा खाते बैठना."

मी विचारले, "इतका सस्ता कायकू?"

"सितंबर का हफ्ता है ना अम्मा, भीड़ नै रहती. झूले पे लाइन नै."

मला ते पटले. पंचांग काढले, गुरुपुष्याचा मुहूर्त पाहिला आणि त्या मुहूर्तावर पैसे दिले. केरसुणीसुद्धा वार पाहून आणणारी मी, पैसे देण्याचा मुहूर्त पाहिला आणि आठवडा मात्र पाहिलाच नाही. घरी येऊन पान उलटले तर सप्टेंबरचा शेवटचा आठवडा भर पितृपंधरवड्यात. पुढच्या वर्षी पाहिले तर नवरात्र, म्हणजे घट बसलेले, घर सोडता येत नाही. एका वर्षी तर अधिकमास निघाला. करीमभाईंनी फसवले नाही. त्यांना पितृपक्षाचे काय! सगळा बेगम बाजार आठ दिवस हसला. हणमंतराव भावजी काठी टेकत आले आणि म्हणाले, "वहिनी, पितरांच्या पंधरवड्यात कोणी जत्रेला जातं का? विकून टाका."

मी म्हणाले, "भावजी, आता घेणारा तुमच्या-माझ्यासारखा आणखी एक वेडा कुठून आणू?"

त्यांनी 'तुमच्या' एवढाच शब्द ऐकला आणि चहा न घेता गेले.

कलम ५. मी तो विकला नाही, याचे कारण सांगणे जरूर आहे. दोन भावांत वितुष्ट दुकानावरून आले असे लोक समजतात. तसे नाही. ते कावळ्यावरून आले.

अण्णांच्या दहाव्याला मुसी नदीच्या काठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. दिगंबर हात जोडून म्हणाला, "अण्णा, दुकान चालू ठेवतो." कावळा फांदीवरून हलला नाही. किशोर म्हणाला, "अण्णा, दुकान विकून आईला सुखात ठेवू." तरी नाही. ऊन चढले तसे गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे घरी आले. वाटेत दोघे भांडले. अण्णा तुझ्यामुळे अडकले, हे दोघांनी एकमेकांना सांगितले आणि त्यानंतर बोलणे बंद. वर्षातून एकदा अण्णांच्या तिथीला, पक्षातल्या अष्टमीला, किशोर पुण्याहून यायचा. दोघे एका ओळीत जेवायचे. "रितेश, काकांना मीठ वाढ," असे दिगंबर आपल्या मुलाला सांगायचा, आणि काका शेजारच्याच पाटावर.

मी घाटावर नव्हते. बायका येत नाहीत, असे हणमंतरावांनी मला दारातच सांगितले होते. मला कोणी विचारले असते तर एका शब्दात सांगितले असते. नामपल्लीच्या नुमाइशमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या प्रदर्शनात, आमचा मसाल्याचा गाळा दर वर्षी असे. समोर आकाशपाळणा. अण्णा गिऱ्हाइकाला पुडी बांधता बांधता वर पाहायचे आणि म्हणायचे, "सुशीला, पुढच्या वर्षी गाळा तासभर बंद ठेवू, सगळे मिळून बसू." पोरे मोठी झाली, त्यांची लग्ने झाली, ते पुढचे वर्ष आले नाही. माणूस दुकानासाठी कशाला अडेल? दुकान त्याने जन्मभर पाहिलेच होते. मला याचा राग आला होता आणि अजून आहे, हे इथे लिहून ठेवते.

कलम ६. म्हणून पहिल्याच वर्षी मी दोघांना एकच निरोप दिला: यंदा अण्णांचे श्राद्ध क्लबात होईल.

दिगंबर म्हणाला, "आई, हे काय नवीन लफडं काढलीस? लोक क्या बोलेंगे?" किशोर फोनवर म्हणाला, "आई, अगं ते रिसॉर्ट आहे!" गुरुजी म्हणाले, शास्त्रात नाही. मी तिघांना उत्तर दिले, "येणार नसाल तर तसं अण्णांना कळवा." गुरुजींनी शेवटी विधी कागदावर लिहून दिला. बाकीचे आले.

त्या छोट्या ओट्यावर मी, सुनंदा आणि सुलभा यांनी वडे, खीर, कढी, गवारीची भाजी सगळे केले. वड्यांच्या धुराने छतातली घंटा वाजली आणि क्लबाचा मॅनेजर धावत आला. त्याला दोन वडे देऊन घालवावे लागले. पान गच्चीच्या कठड्यावर ठेवले. समोर तो आकाशपाळणा फिरत होता. कावळा लगेच आला, वडा उचलला आणि पाळण्याच्या दिशेने गेला. मॅनेजर म्हणाला, "आजी, इथले कावळे दिवसभर वेफर्स खातात, ते कशालाही येतात." येत असतील. मी पदर डोळ्यांना लावला आणि रडून घेतले. सुना मागे उभ्या होत्या, त्यांनीही लावला.

त्यानंतर दर वर्षी जातो. नवरात्र असले तर घट तारनाक्याला माझ्या बहिणीकडे बसतो. देवीची तक्रार आलेली नाही. पोरे पाण्यात खेळतात, सुना एकमेकींच्या नवऱ्यांना नावे ठेवतात आणि दोघे भाऊ गच्चीच्या दोन टोकांना दोन वर्तमानपत्रे वाचतात.

कलम ७. गेल्या वर्षी तिथी आणि आठवडा पुन्हा जुळले. संध्याकाळी रितेश आणि किशोरची मुलगी सायली पाळण्यात बसायचा हट्ट धरून बसली. पाळण्याच्या डब्यात चौघे लागतात, दोघांना सोडत नाहीत. पोरांनी एकाने बापाला आणि एकीने बापाला ओढले. पाळणेवाल्याने कडी लावून टाकली. मी खाली बाकावर होते. डबा अगदी वर गेला आणि थांबला, खाली माणसे चढत होती म्हणून. दिगंबरला लहानपणापासून उंचीची भीती वाटते. दुकानातल्या शिडीवरसुद्धा तो चढत नाही.

खाली आल्यावर मी रितेशला बाजूला घेऊन विचारले, "वर काय झालं रे?"

"बाबा थरथरत होते. मग काका त्यांचा हात पकडून बोलले, डोळे मीट दादा, मी हाय."

आठ वर्षांत पहिल्यांदा दादा म्हटले. खाली आल्यावर दोघांनी हात सोडले, काही झालेच नाही असा चेहरा केला आणि आपापल्या वर्तमानपत्राकडे गेले. पण मी खालून पाहिले आहे. एका डब्यात दोन डोकी, एक टकलाचे आणि एक पिकलेले, एकमेकांना टेकलेली. मला आशा आहे, आणि ती अशी डोळ्यांनी पाहिलेली आहे.

कलम ८. सबब, हा आठवडा मी दिगंबर आणि किशोर यांना मिळून देते. तो तोडून साडेतीन-साडेतीन दिवस करता येणार नाही. या वर्षी तू, पुढच्या वर्षी मी, असेही चालणार नाही. एक भाऊ गेला नाही तर दुसऱ्यालाही जाता येणार नाही. लागोपाठ दोन वर्षे दोघे मिळून गेले नाहीत तर आठवडा रितेश आणि सायली यांचा होईल, आणि त्यांना बापांना बोलवावे की नाही ते त्यांच्या मर्जीवर.

कलम ९. माझ्या घरातली सगळी पंचांगे हणमंतराव भावजींना द्यावीत. माझे काम झाले.

कलम १०. माझ्या दहाव्याला सुनंदा आणि सुलभा घाटावर येतील. कोणी दारात अडवले तर हा कागद दाखवावा. माझ्या पिंडाला कावळा शिवला नाही तर दुकान, घर, दागिने यांची नावे घेऊ नयेत. दोघांनी एकमेकांचा हात धरावा आणि एवढेच म्हणावे: "आई, सप्टेंबरात जाऊ." दोन तोंडांनी म्हटलेले मला चालणार नाही, एकदम म्हणावे. तरीही शिवला नाही तर दर्भाची घाई करू नये. मी तुमच्यासाठी इतकी वर्षे थांबले, तुम्ही माझ्यासाठी जरा थांबा.

हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम आमचे वकील केशवराव यांच्याकडे देते. त्यांचे म्हणणे की कायदेशीर कागदात कावळा घालता येत नाही. मी म्हणाले, तुम्ही वगळा, मी पुन्हा लिहीन. त्यांनी वगळलेला नाही. ज्याला काही मिळते त्याने साक्षीला राहू नये असेही ते म्हणाले, म्हणून गंगू दारात उभी राहून नुसती पाहते आहे. आज अमावास्या, बाजार बंद, म्हणून करीमभाईंना सवड मिळाली. या वेळी मी मुहूर्त मुद्दाम पाहिला नाही.

यंदाच्या सप्टेंबरची गाडीची तिकिटे काढायला सांगितली आहेत. मी असले तर पाळण्यात दोघांच्या मध्ये मी बसेन. नसले तर मधली जागा माझ्यासाठी रिकामी ठेवू नका. सरकून बसा.

सही: सुशीलाबाई लक्ष्मणराव भालकीकर

बाईंनी आमच्यासमोर वाचून सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर:

साक्षीदार १: केशवराव, वकील, काचीगुडा
साक्षीदार २: करीमभाई, मिरचीचे आडते, बेगम बाजार (सही उर्दूत)

स्थळ: काचीगुडा, हैदराबाद
दिनांक: १ मे २००३