शेंड्यावरची फळं

बमरोली, सुरत
१२ मे १९९६

तीर्थरूप आबांना सुपडूचा नमस्कार पोचावा.

मी बरा आहे. कापडाच्या लूमवर आता दिवसपाळी मिळाली, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे?

तुम्ही लिहिलंत, आपल्या टेकडीवर चारोळीच्या झाडांखाली गेल्या पावसाळ्यातही एकसुद्धा रोप उगवलं नाही. पत्र घडी घालून ठेवलं, परत उघडलं.

शेंड्यावरची फळं अस्वलासाठी सोडायची, त्याच्या पोटातून गेलेलं बी चांगलं रुजतं, असं तुम्ही सांगायचात. सुरतेला येण्याआधीच्या उन्हाळ्यात, दुसरं कोणी नेईल म्हणून मी फळं कच्चीच उतरवली. वर चढायचाही कंटाळा केला, फांद्याच तोडल्या. आता सगळं गाव तसंच करतं म्हणता. सुरुवात मी केली होती, आबा.

त्याच कच्च्या फळांच्या बिया इथे खोलीबाहेर डब्यात पेरल्या. चार पावसाळे झाले, डब्यात नुसती माती आहे. तरी रोज पाणी घालतो. शेजारचे हसतात.

नवं बी पाठवा म्हणणार होतो, पण पिकलेलं फळ आता तुम्हालाही कुठे मिळणार?

अस्वल यंदा दिसलं का, तेवढं कळवा. दिसलं नसेल तर त्याबद्दल काही लिहू नका.

तुमचा,
सुपडू