जिंकलेलं भरीत

रविवार, धुळे

शी! जिंकलो आणि माझीच मला किळस आली. हरणाऱ्या जोडीने सगळ्यांना भरीत-पुरी खिलवायची, हा आमच्या बॅडमिंटनवाल्यांचा रिवाज. दर रविवारी हरून जोडीदार नाना वैतागले, म्हणून माझी जुनी, हलकी रॅकेट घरी ठेवून त्यांनी निवडलेली कडक रॅकेट घेतली. जुनीवर शटलचं फूल कसं टण्ण वाजायचं! हिने नुसते फटके. समोरच्याला फूल उचलताच येईना. खेळ कसला, डास मारणं ते! "बठ्ठा गेम आपला शे!" सगळा गेम आपलाच, म्हणून नाना अहिराणीत ओरडत होते. बाकी कोणी हसलंसुद्धा नाही. ते भरीत तसंच ताटात राहिलं. घरी येऊन जुनी रॅकेट तळहातावर आपटली. टण्ण. पुढच्या रविवारची वांगी माझ्याकडून.