एल्मखालचा फोटो

शनिवार, १० मे

शेजारच्या सुमनकाकूंच्या सुनेच्या डोहाळजेवणाचे फोटो काढायला आम्ही बायका त्या जुन्या बागेत गेलो. अझेलियाची झुडपं भरभरून फुलली होती. एल्मच्या झाडाखाली सगळ्या उभ्या राहिल्या, मीही सरकले. काकू हसून म्हणाल्या, "अगं, तू फोटो काढ. तुझा हात किती स्थिर!"

स्थिर? श्रीधर गेल्यापासून हातात चहाचा कपही हलतो. फोटोत विधवा नको, असं काकूंनी सरळ सांगायचं होतं. इतकी वर्षं अमेरिकेत राहून हे? सून म्हणाली, "मावशी, तुम्हीपण या ना." काकूंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आणि मी? मुकाट्याने फोटो काढले.

काकूंचा मेसेज आलाय, फोटो पाठव म्हणून. आज नाही पाठवणार. दूध कोमट करून विरजण लावलं.