सामान भरणार नाही

ती. आईस नमस्कार,

मी खडकीच्या खोलीवर सुखरूप आहे आणि डबाही बरा मिळतो. तुझे गुडघे कसे आहेत? सोनू अभ्यास करतो का?

लॅब टेक्निशियनच्या कोर्समध्ये आता आम्हाला हॉस्पिटलात पाठवतात. काल वैजनाथमामा न कळवता तिथे आले. मी एका आजींचं रक्त घेत होते. शीर सापडेना. आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम पुढे झाल्या, तर आजीच म्हणाल्या, "राहू द्या, तीच घेईल," आणि त्यांनी दुसरा हात पुढे केला. या वेळी जमलं.

मामांनी हे सगळं पाहिलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "स्थळ चांगलं हाय. पण लोकांचं रक्त, लघवी हाताळणारी सून त्यांना नको. सामान भर."

मी म्हटलं, "सामान भरणार नाही. त्यांना सांगा, मुलीनंच नकार दिलाय."

"तुझ्या आईनं होकार दिलाय," मामा म्हणाले. ते चहा न घेताच गेले.

आई, खरंच दिलास का होकार? दिला असशील तर मागे घे. मामा सांगतील, पोरगी उद्धट झाली. झाले आहे. तू मात्र त्यांच्यासमोर रडू नकोस.

परीक्षा संपली की दिवाळीला येईन. माझ्यासाठी चकल्या ठेव, पाहण्याच्या कार्यक्रमाची साडी काढू नकोस.

तुझीच,
नम्रता