सलोखा मोजण्याची माझी पद्धत

३ मार्च
‘तो क्वा वान’ वस्तीतल्या नाल्याच्या कामाचा आज मुहूर्त. मालकपक्षाच्या इंजिनिअर त्सांगबाई आणि कंत्राटदाराचे मॅकसाहेब यांनी रिवाजाप्रमाणे भाजलेले डुक्कर एकाच सुरीने कापले. हा सहकार्याचा करार आहे, नफा-नुकसान दोघांचे. परंतु सहकार्य होत आहे हे कळणार कसे? मोजून! मोजणारा मी, क्वोक यिउ-तुंग. एप्रिलअखेर सलोख्याचा निर्देशांक पाचपैकी साडेचार झाला, तर माझी हंगामी नोकरी कायम होईल. होईलच.

सायंकाळी
कुरकुरीत कातडी कोणाच्या ताटात जास्त, यावरून दोघांत जुंपली. अपवाद म्हणून सोडून दिले.

१० मार्च
अपवाद रोजच घडतो. मॅकसाहेब म्हणाले, बाई, हा नकाशा तुमच्या आजोबांनी काढलाय का? बाई म्हणाल्या, त्यांना निदान वाचता यायचं, तुमचं काय? काम वेगात चालले आहे हे खरे. परंतु तो मुद्दा नव्हे.

१७ मार्च
नवा तक्ता लावला. आवाज चढला, गुण वजा. धोक्याची आगाऊ सूचना दिली, तरीही वजा. करार अशा सूचना मागतो, हे मान्य. परंतु तर्क पाहावा: सूचना म्हणजे तक्रार आणि तक्रार म्हणजे अविश्वास. बाईंनी विचारले, मग खड्ड्यात साप निघाला तर काय, गाणं म्हणायचं? एक गुण कापला.

२ एप्रिल
४.८! साइटवर देवळासारखी शांतता. दुपारच्या चहाला दोघे एकमेकांपुढे अंड्याचा टार्ट सरकवत होते: आधी तुम्ही; छे, आधी तुम्ही. चहा संपला, टार्ट तसाच. नवी खुर्ची पाहून ठेवली.

११ एप्रिल
५.०!! एकही सूचना नाही. मुख्य कार्यालयाला फोन केला. बोलताना मी उभा होतो.

१२ एप्रिल
पाण्याची जुनी मुख्य वाहिनी फुटली. रस्त्यावर गुडघाभर पाणी. मॅकसाहेबांना तिचा धोका आठवडाभर दिसत होता म्हणे! सांगितले का नाही, असे विचारले. म्हणाले, तुझा तक्ता बिघडला असता ना, बाबा! बाईंनाही शंका होती. त्यांनी स्मितावर भागवले होते. मग दोघांनी पाण्यात उभे राहून एकमेकांचे पूर्वज उद्धरले. त्याच आरडाओरड्यात पाणी बंद करण्याची झडप सापडली, पंप आले, अंधार पडण्यापूर्वी रस्ता मोकळा झाला.
निर्देशांक: उणे. माझे सूत्र शून्याखालीही चालते, हे सिद्ध झाले.

१४ एप्रिल
विजय! दोन्ही पक्षांचा पहिला संयुक्त प्रस्ताव! दोन्ही सह्या, एकही खाडाखोड नाही. न वाचताच धावत मुख्य कार्यालयात नेला आणि तातडीने मंजूर करावा, अशी शिफारसही केली.

१५ एप्रिल
मंजूर झाला. माझे पद रद्द.
बाईंना विचारले, निदान एकाचा तरी विरोध होता का? मॅकसाहेबच मध्ये बोलले, अरे क्वोक, आमचं इतकं एकमत जन्मात झालं नव्हतं! बाईंनी मान डोलावली.
सहकार्य: पाचपैकी पाच.